ओपन सोर्समधून कोडपेक्षा कामाची रीत जास्त आली

तीन वर्षांचा अनुभव असलेल्या एका डेव्हलपरने विचारलं आहे: "आमची टीम डेटाबेसपासून स्क्रीनवरच्या बटणापर्यंत सगळं ओपन सोर्सच वापरते. आमचे टीमलीड म्हणतात, हा फुकटचा माल आहे, वापरा आणि पुढे चला. 'ओपन सोर्स संस्कृती' वगैरे शब्द व्यासपीठावर बोलण्यापुरते. रोजच्या कामात तिने खरंच काही फरक पडतो का?"

पडतो, आणि तो तुमच्या टीमलीडच्याही रोजच्या कामात पडलेला आहे. ओपन सोर्स म्हणजे ज्याचा मूळ कोड कुणालाही वाचता, बदलता आणि वाटता येतो असं सॉफ्टवेअर. सकाळी येऊन तुम्ही ताजा कोड ओढून घेता, स्वतःची ब्रँच (कामापुरती वेगळी शाखा) काढता, बदल करता, कमिट करता (तो बदल संदेशासह नोंदवता), पुल रिक्वेस्ट टाकता (तो मुख्य कोडमध्ये घ्या अशी विनंती करता). दोन सहकारी ती तपासतात, मशीन आपोआप टेस्ट चालवतं आणि मग मर्ज होतं, म्हणजे बदल मुख्य कोडमध्ये मिसळतो. तुमच्या कंपनीचा कोड कुलूपबंद असेल, बाहेरच्या कुणालाही दिसत नसेल, तरी यातली जवळजवळ प्रत्येक पायरी घासूनपुसून रुळली ती एकमेकांना कधीही न भेटलेल्या, वेगवेगळ्या देशांत बसलेल्या माणसांना एकच वस्तू मिळून बनवायची होती म्हणून. त्यांच्यावर कुणी साहेब नव्हता. त्यामुळे 'मी सांगतो म्हणून कर' हे वाक्य तिथे चालत नव्हतं. प्रत्येक बदलाचं कारण लिहून द्यावं लागायचं आणि ते समोरच्याला पटावं लागायचं. मी या धंद्यात अठरा वर्षं आहे. पहिली सात-आठ वर्षं मीही फक्त वापरत होतो. त्यानंतर जे शिकलो ते एका गावाच्या नावामुळे.

ते गाव श्रीवर्धन. आमचं सॉफ्टवेअर कोकणातल्या एका माल वाहतूकदारासाठी पार्सलवर चिकटवायची लेबलं छापायचं. लेबल लहान असायचं, म्हणून गावाचं नाव लांब असलं की ते कापून पुढे तीन टिंबं द्यायची. हे काम एक ओपन सोर्स लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेला तयार कोड, करायची. एके दिवशी गोदामातून फोन आला, लेबलावर 'श्रीवर्…' असं छापून येतंय, शेवटच्या र चा पाय मोडलेला. शोधल्यावर कारण साधं निघालं. आपल्याला 'श्रीवर्धन' मध्ये चार अक्षरं दिसतात: श्री, व, र्ध, न. संगणकाजवळ मात्र नऊ खुणा असतात: श, पाय मोडण्याची खूण, र, दुसरी वेलांटी, व, र, पुन्हा पाय मोडण्याची खूण, ध, न. लायब्ररी सातव्या खुणेनंतर कापत होती. इंग्रजी डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेल्या त्या कोडला एक खूण म्हणजे एक अक्षर, एवढंच ठाऊक होतं.

मी तेव्हा तेच केलं जे बहुतेक जण करतात. लायब्ररीची प्रत आमच्या फोल्डरमध्ये घेतली, तीन ओळी बदलल्या, काम भागलं. आठ महिन्यांनी त्या लायब्ररीत सुरक्षेची एक दुरुस्ती आली. सहकाऱ्याने इमानेइतबारे नवी आवृत्ती बसवली आणि माझ्या तीन ओळी पुसल्या गेल्या. पुन्हा गोदामातून फोन. सहकाऱ्याचा दोष काहीच नव्हता. त्या ओळी तिथे का आहेत हे मी कुठे लिहूनच ठेवलं नव्हतं.

म्हणून दुरुस्ती मूळ प्रकल्पाकडे पाठवायची ठरवली. पहिल्या खेपेला मी चारशे ओळींचा बदल एकाच कमिटमध्ये पाठवला आणि वर लिहिलं, 'देवनागरीचा प्रॉब्लेम सोडवला'. नऊ दिवसांनी मेंटेनरचं, म्हणजे प्रकल्प सांभाळणाऱ्याचं, उत्तर आलं. आभार मानून त्याने तीन गोष्टी लिहिल्या होत्या. माझ्या एडिटरने आपोआप बदललेल्या मोकळ्या जागा आणि खरी दुरुस्ती वेगळी करा. दुरुस्तीआधी नापास होईल आणि दुरुस्तीनंतर पास होईल अशी टेस्ट द्या. तिसरा एक प्रश्न होता: तुमच्या भाषेत शेवटी खरोखरच ही पाय मोडण्याची खूण असलेला शब्द असू शकतो का? कारण तुमचा कोड तीही काढून टाकेल.

त्या माणसाला मराठीचं एक अक्षर येत नव्हतं. मी जन्मापासून मराठी, आणि हे माझ्या लक्षात आलं नव्हतं! जुन्या वळणाने लिहिणारे 'अर्थात्' असा त चा पाय मोडतात, संस्कृत वचनांत तर ते पावलोपावली येतं. न कापलेल्या शब्दाचाही माझा कोड शेवट खात होता. मी फक्त गावांची नावं घालून पाहिली होती. त्या एका प्रश्नानंतर मी स्वतःच आणखी जागा शोधायला लागलो. 'दऱ्या', 'सुऱ्या' यांतला ऱ्या सापडला, तो कसा कापायचा हे कागदावर लिहून काढलं. चार फेऱ्या झाल्या, सहा आठवडे गेले. शेवटी जे मर्ज झालं त्यात कोडच्या तीसेक ओळी होत्या आणि टेस्टच्या त्याच्या दुप्पट. कमिटच्या संदेशात मी बारा ओळी लिहिल्या: देवनागरीत अक्षर म्हणजे काय, कुठे कापलेलं चालतं, कुठे चालत नाही.

पुढची गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. युनिकोड म्हणजे सगळ्या लिप्यांतल्या खुणांचं संगणकासाठीचं प्रमाण. त्याच्या मजकूर तोडण्याच्या सर्वसाधारण नियमांत देवनागरीची जोडाक्षरं एकसंध धरण्याची तरतूद २०२३ च्या १५.१ आवृत्तीत आली. त्यानंतर त्याच प्रकल्पातल्या दुसऱ्या कुणीतरी माझा खास देवनागरीसाठीचा कोड काढून टाकला आणि त्या जागी नवा नियम बसवला. मला विचारलं नाही, विचारायची गरजही नव्हती. कारण कमिटमध्ये होतं, टेस्ट जागेवर होत्या, त्या पास झाल्या. माझा कोड गेला आणि काम मात्र टिकलं. ओपन सोर्स संस्कृती म्हणताना माझ्या डोळ्यांपुढे हे असतं.

ही रीत आली कुठून, ते थोडक्यात सांगतो, कारण त्याशिवाय ती अशीच का आहे ते उमगत नाही. १९८३ मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू प्रकल्प जाहीर केला. त्यांचा आग्रह स्वातंत्र्याचा होता: प्रोग्रॅम चालवण्याचं, वाचण्याचं, बदलण्याचं, वाटण्याचं. १९९१ च्या ऑगस्टमध्ये हेलसिंकीतला विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स याने आपण छंद म्हणून एक ऑपरेटिंग सिस्टीम लिहितोय असं जाहीर केलं. तीच लिनक्स. पुढच्या वर्षी त्याने ती ग्नूच्याच लायसन्सखाली आणली. 'ओपन सोर्स' हा शब्द त्याच्याही नंतरचा, १९९८ चा, क्रिस्टीन पीटरसन यांनी सुचवलेला. लिनक्स वाढत गेलं तशी बदल पाठवणाऱ्यांची संख्या कुणा एकाच्या आवाक्यात राहिली नाही. मग विभागवार मेंटेनर आले, आणि ईमेलवर पॅच (कोडमधला बदल) पाठवायचा, सर्वांसमोर त्याची चिरफाड व्हायची, सुधारून पुन्हा पाठवायचा, हा क्रम पक्का झाला.

२००३ मध्ये लिनक्समधल्या कोडच्या मालकीवरून अमेरिकेत खटला उभा राहिला. कुठली ओळ कुणी आणि कुठून आणली, हा प्रश्न तेव्हा ऐरणीवर आला. त्याच्या पुढच्या वर्षी कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, 'साइन्ड-ऑफ-बाय' ही ओळ सुरू झाली. हे मी लिहिलंय आणि या लायसन्सखाली देण्याचा मला हक्क आहे, असं प्रत्येक पॅचखाली नावानिशी लिहून द्यायचं. दोन शब्दांचं काम, पण बदलाला जबाबदार माणूस मिळाला.

२००५ च्या एप्रिलमध्ये गिट आलं, कोडमधल्या प्रत्येक बदलाचा इतिहास ठेवणारं साधन. त्याआधी कर्नलची मंडळी बिटकीपर नावाचं त्याच कामाचं व्यापारी साधन विनामूल्य सवलतीने वापरत होती. ती सवलत काढून घेतली गेली आणि टोरवाल्ड्स यांनी स्वतःच साधन लिहायला घेतलं. काही दिवसांतच गिटचा कोड गिटमध्येच ठेवला जाऊ लागला आणि जूनमध्ये कर्नलची २.६.१२ ही आवृत्ती त्यावरून निघाली. काही महिन्यांतच गिट सांभाळण्याची जबाबदारी जुनिओ हामानो यांच्याकडे गेली. गिटची रचना पाहा: प्रत्येकाच्या मशीनवर पूर्ण इतिहास असतो. काम सुरू करायला कुणाची परवानगी लागत नाही, ती लागते फक्त मुख्य धारेत मिसळताना. बसमध्ये, इंटरनेट नसताना, कमिट करता येतं. हे सगळं एकमेकांवर हुकूम चालवू न शकणाऱ्या लोकांच्या गरजेतून आलं आणि आज बँकांपासून सरकारी खात्यांपर्यंत सगळे तेच वापरतात. २००८ मध्ये गिटहब, गिटमधला कोड ठेवण्याचं संकेतस्थळ, सुरू झालं आणि पुल रिक्वेस्ट घराघरांत पोचली. दहा वर्षांनी मायक्रोसॉफ्टने साडेसात अब्ज डॉलरला ते विकत घेतलं.

आता हे तुमच्या ऑफिसात कुठे लागतं ते सांगतो. लहान कमिट करा असं सगळे सांगतात, का ते फार थोडे सांगतात. गिटमध्ये बायसेक्ट नावाची सोय आहे. काल चालत होतं, आज चालत नाही आणि मध्ये हजार कमिट झाले, अशा वेळी ते मधोमध कापत जातं आणि सुमारे दहा चाचण्यांत गुन्हेगार कमिट हातात देतं. पण तो कमिट चारशे ओळींचा आणि त्याचा संदेश 'बग फिक्स' असेल, तर हाती आलेलं उत्तर निरुपयोगी. कर्नलमध्ये दुरुस्ती पाठवताना मूळ चूक ज्या कमिटने आणली त्याचा क्रमांक 'फिक्सेस' म्हणून लिहायची पद्धत आहे. त्या धाग्यावरून जुन्या आवृत्त्या सांभाळणाऱ्यांना कळतं की ही दुरुस्ती आपल्यालाही घ्यावी लागणार. आमच्या टीममध्ये मी फक्त एवढाच एक नियम आणला: कमिटच्या संदेशात 'काय' नको, ते कोडमध्ये दिसतंच, 'का' लिहा. सुरुवातीला कुरकुर झाली. दीड वर्षाने दोन जुने सहकारी नोकरी सोडून गेले तेव्हा त्यांचं पेमेंटचं मॉड्यूल नव्या मुलीने तीन आठवड्यांत हातात घेतलं, आणि फोन करून विचारावं असं तिला फारसं काही उरलं नव्हतं.

सगळं लिहून करण्याचा एक फायदा मला वैयक्तिक झाला, तोही सांगितला पाहिजे. मी मराठी माध्यमातला. मीटिंगमध्ये इंग्रजीत वाद घालायचा म्हटलं की शब्द अडायचे आणि ज्याचं बोलणं सफाईदार त्याचं म्हणणं खरं ठरायचं. पॅचवर चर्चा लेखी होते. उत्तर द्यायला रात्रभर वेळ असतो, शब्दकोश शेजारी असतो, आणि उच्चार कुणाला ऐकू येत नाही. साध्या, तुटक इंग्रजीत लिहिलेलं पण टेस्टने सिद्ध केलेलं म्हणणं तिथे टिकतं. छोट्या गावांतून आलेल्या मुलामुलींना मी हे मुद्दाम सांगतो.

सगळं गोड होतं असं मात्र नाही. बरीच वर्षं लिनक्सच्या चर्चेत टोरवाल्ड्स यांच्या ईमेलांची भाषा जहाल असायची आणि तेच दर्जाचं लक्षण आहे असं मानणारेही होते. २०१८ च्या सप्टेंबरमध्ये त्यांनी स्वतः माफी मागितली, काही काळ बाजूला झाले, आणि कर्नलने नवी आचारसंहिता स्वीकारली. त्याच वर्षी जुलैमध्ये पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेचे जनक गिडो व्हॅन रॉसम यांनी अंतिम निर्णय देण्याची आपली जागा सोडली. भाषेत एक नवी लेखनखूण आणण्याच्या प्रस्तावावर इतकी दमवणारी भांडणं झाली की प्रस्ताव मंजूर करून ते पायउतार झाले. आता पायथनची सुकाणू समिती निवडून येते. मला यातलं कौतुकाचं वाटतं ते असं, की प्रस्ताव, त्यावरचे आक्षेप, नाकारलेले पर्याय, सगळं आजही वाचायला उपलब्ध आहे. तुमच्या कंपनीत दोन वर्षांपूर्वी हाच डेटाबेस का निवडला, हे कुणी सांगू शकेल का? पायथनमध्ये एखादी सोय का नाही, हे तुम्ही अर्ध्या तासात शोधू शकता.

एक गैरसमज इथेच दूर करतो. कोड खुला म्हणजे दार सताड उघडं असं नसतं. एसक्यूलाइट हा छोटा डेटाबेस तुमच्या फोनमध्ये नक्की आहे, पूर्णपणे सार्वजनिक मालकीचं आहे, पण त्याचे कर्ते बाहेरच्यांचा कोड घेत नाहीत. तेही ओपन सोर्सच. लायसन्स तुम्हाला वापरण्याचा आणि बदलण्याचा हक्क देतं. मेंटेनरच्या वेळेवर मात्र ते कुठलाच हक्क देत नाही. आणि 'फुकटचा माल' म्हणणारे इथेच ठेचकाळतात.

२०१६ च्या मार्चमध्ये एका डेव्हलपरने नावाच्या वादातून एनपीएमवरची, म्हणजे जावास्क्रिप्टच्या तयार कोडच्या भांडारातली, आपली पॅकेजेस काढून घेतली. त्यात लेफ्ट-पॅड होतं, मजकुराच्या डावीकडे मोकळ्या जागा भरणारं, अकरा ओळींचं. त्याच्यावर आडून आडून विसंबलेले असंख्य प्रकल्प जगभर एकाच वेळी बिल्ड होईनासे, म्हणजे कोडपासून तयार होईनासे, झाले. त्याच्या दोन वर्षं आधी, २०१४ च्या एप्रिलमध्ये, हार्टब्लीड उघडकीला आलं होतं. इंटरनेटवरच्या 'सुरक्षित' व्यवहारांचा मोठा भाग ज्या ओपनएसएसएल या लायब्ररीवर चालतो, त्यात दोन वर्षं अशी चूक होती की सर्व्हरच्या मेमरीचे तुकडे बाहेर वाचता येत होते. मग कळलं, त्या प्रकल्पाला वर्षाला सुमारे दोन हजार डॉलर देणग्या मिळायच्या आणि पूर्णवेळ काम करणारा माणूस एकच होता. अब्जावधींची उलाढाल त्या एका माणसाच्या खांद्यावर होती.

पण मला सर्वांत जास्त हलवून गेली ती २०२४ ची एक्सझेडची घटना. तीवर थोडा थांबतो, कारण या संस्कृतीचं बळ आणि दुखरी जागा दोन्ही त्या एकाच गोष्टीत आहेत.

एक्सझेड हे फाईली दाबून लहान करण्याचं साधन, जवळजवळ प्रत्येक लिनक्सवर असतं. फिनलंडचे लासे कोलिन ते वर्षानुवर्षं विनावेतन सांभाळत होते. २०२१ च्या सुमाराला 'जिया टॅन' या नावाने कुणीतरी पॅच पाठवू लागलं. पॅच चांगले होते. २०२२ मध्ये काही अनोळखी खाती प्रकल्पाच्या ईमेल-यादीवर येऊन कोलिन यांच्यामागे लागली: काम फार सावकाश चाललंय, दुसऱ्या कुणाला मेंटेनर करा. कोलिन यांनी उत्तरात लिहिलं होतं की त्यांना दीर्घकाळ मानसिक आरोग्याचा त्रास आहे, आणि हा बिनपगारी छंदाचा प्रकल्प आहे हे ध्यानात ठेवलेलं बरं. हळूहळू जिया टॅनला अधिकार मिळत गेले. २०२४ च्या फेब्रुवारीत ५.६.० ही आवृत्ती निघाली आणि तिच्यात चोरदरवाजा होता. तो गिटमधल्या कोडमध्ये सरळ वाचायला मिळत नव्हता. त्याचा ऐवज टेस्टसाठीच्या 'बिघडलेल्या' फाईलींत दडवला होता आणि तो जोडणारी ओळ फक्त प्रकाशनाच्या गठ्ठ्यात होती. त्यातून काही लिनक्सांवर एसएसएचमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या मुख्य दारातच, शिरता आलं असतं.

हे पकडलं आंद्रेस फ्रॉइंड यांनी. ते पोस्टग्रेस या डेटाबेसचे डेव्हलपर, नोकरी मायक्रोसॉफ्टमध्ये. डेटाबेसच्या वेगाची मोजमापं घेत असताना त्यांना दिसलं की एसएसएचचं लॉगिन अर्धा सेकंद जास्त घेतंय आणि प्रोसेसरवर विनाकारण भार पडतोय. अर्धा सेकंद! तुम्ही-मी 'नेटवर्क मंद असेल' म्हणून सोडून दिलं असतं. ते खणत गेले, आणि कोड उघडा असल्यामुळे तळापर्यंत जाऊ शकले. २९ मार्चला त्यांनी सगळं जाहीर केलं. मोठ्या लिनक्सांच्या स्थिर आवृत्त्यांत ते पोचायच्या आत, चाचणीच्या पायरीवरच, थांबलं.

लोक यावरून दोन टोकांची मतं मांडतात. एक म्हणतात, बघा, खुल्या कोडमुळे सापडलं. दुसरे म्हणतात, बघा, खुल्या प्रकल्पात कुणीही शिरतो. माझं मत वेगळं आहे. तिथे फोडलं गेलं ते कुलूप नव्हतंच. दमलेल्या एका माणसाला मदतीचं सोंग घेऊन फोडलं गेलं. त्या साधनावर चालणाऱ्या कंपन्यांपैकी एखादीनेही दोन वर्षं आधी खराखुरा माणूस मदतीला दिला असता, तर जिया टॅनला जागाच मिळाली नसती. म्हणून तुमच्या टीमलीडना माझा आदरपूर्वक प्रश्न: आपलं प्रॉडक्शन, म्हणजे ग्राहक वापरतात ते सॉफ्टवेअर, ज्या लायब्ऱ्यांवर उभं आहे, त्यातल्या किती लायब्ऱ्या एकटा माणूस सांभाळतो हे आपण कधी पाहिलंय का? पॅकेज-लॉक फाईल, म्हणजे वापरलेल्या सगळ्या पॅकेजेसची यादी, उघडा. थेट वापरलेली पंचवीस पॅकेजेस असतील तर आडून आलेली कितीतरी पट निघतात. २०२१ च्या डिसेंबरमध्ये लॉगफोरजे या नोंदी लिहिणाऱ्या जावा लायब्ररीतली सुरक्षेची चूक बाहेर आली तेव्हा कितीतरी टीमांचे पहिले दोन-तीन दिवस 'ते आपल्याकडे नेमकं कुठे आहे' हे शोधण्यातच गेले. आमचेही गेले.

मदत म्हणजे काहीही पाठवणं नव्हे, हेही इथेच सांगायला हवं, कारण आपल्याकडच्या विद्यार्थ्यांचा यात मोठा वाटा आहे. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये, चार पुल रिक्वेस्ट करा आणि टी-शर्ट मिळवा अशा उपक्रमात हजारो निरर्थक बदल प्रकल्पांवर येऊन आदळले. माहितीच्या फाईलीत 'अमेझिंग प्रोजेक्ट' असे शब्द घालायचे, एवढाच बदल. त्यातले बरेच भारतातून आले होते. आयोजकांना काही दिवसांत नियम बदलावे लागले, की ज्या प्रकल्पाची तयारी असेल त्याच प्रकल्पातल्या रिक्वेस्ट मोजल्या जातील. आता तोच त्रास एआयने लिहिलेल्या खोट्या बग-अहवालांचा आहे. कर्ल या इंटरनेटवरून डेटा आणणाऱ्या साधनाचे डॅनियल स्टेनबर्ग यांनी त्याबद्दल उघडपणे, वारंवार लिहिलं आहे. असा प्रत्येक अहवाल कुणीतरी माणूस आपल्या संध्याकाळच्या वेळात वाचतो.

लायसन्सच्या ओढाताणीबद्दल फार लिहीत नाही. इतर कंपन्या आपला कोड घेऊन पैसे मिळवतात आणि आपल्याला काही मिळत नाही, म्हणून टेराफॉर्म या सर्व्हर उभारण्याच्या साधनाने २०२३ मध्ये आणि रेडिस या डेटाबेसने २०२४ मध्ये लायसन्स आवळलं. वापरणाऱ्यांनी आणि योगदान देणाऱ्यांनी ओपनटोफू आणि वाल्की हे फोर्क, म्हणजे जुन्या खुल्या कोडवरून वेगळे प्रकल्प, काढले. पुढे रेडिसने २०२५ मध्ये पुन्हा ओपन सोर्स लायसन्सचा पर्याय दिला. तुमच्यासाठी यातली कामाची गोष्ट एवढीच, की नवं पॅकेज घेताना त्याचं लायसन्स वाचा आणि प्रकल्प एका कंपनीच्या हातात आहे की अनेकांच्या, हे बघा.

आपल्या मातीत हे रुजलेलं नाही असं समजू नका. ईआरपीनेक्स्ट हे कंपनीचा कारभार सांभाळणारं सॉफ्टवेअर मुंबईत जन्मलं, ग्नूच्याच जीपीएल लायसन्सखाली आहे आणि जगभरचे कारखाने त्यावर हिशेब ठेवतात. रेड हॅटने खुले केलेले लोहित फॉन्ट आणि लिनक्सचं भारतीय भाषांतलं काम, याचा मोठा भाग पुण्यात झाला. मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या गटाने केलेला 'मुक्त' नावाचा फॉन्ट मराठी संकेतस्थळांवर जागोजागी दिसतो. झेरोधाने २०२४ मध्ये ओपन सोर्स प्रकल्पांसाठी वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंतचा निधी जाहीर केला. इतर भारतीय कंपन्यांनी याचा कित्ता का गिरवू नये, मला कळत नाही.

आता तुम्ही काय करावं. टीमलीडशी वाद घालू नका, एक छोटी गोष्ट करून दाखवा. तुमच्या फोल्डरमध्ये प्रत घेऊन बदललेली एखादी लायब्ररी नक्की असेल, प्रत्येक टीममध्ये असते. ती दुरुस्ती मूळ प्रकल्पाकडे पाठवा. आधी इश्यूंच्या, म्हणजे नोंदवलेल्या तक्रारींच्या, यादीत तोच मुद्दा कुणी मांडलाय का ते शोधा, योगदानाचे नियम लिहिलेली फाईल वाचा, कंपनीकडून कोड बाहेर द्यायची लेखी परवानगी घ्या. नापास होणारी टेस्ट सर्वांत आधी लिहा. उत्तर यायला तीन आठवडे लागले तर रोज टोचणी लावू नका. नकार आला तर कारण वाचा, त्या कारणातच बहुतेक वेळा शिकण्यासारखं सापडतं. मर्ज झालं तर पुढच्या आवृत्तीपासून तुमचा तो चोरटा फोल्डर पुसून टाका आणि आपले देखभालीचे किती तास वाचले ते टीमलीडना आकड्यांत सांगा. माझ्या अनुभवात वरिष्ठांना हा आकडा व्याख्यानापेक्षा लवकर पटतो.

कुठून सुरुवात करावी सुचत नसेल तर जे फक्त आपल्याला दिसतं तिथून करा. ब्राउझरच्या कन्सोलमध्ये एखादा आकडा 'एमआर-आयएन' या भाषाखुणेने छापून बघा, तो देवनागरी अंकांत येतो. हिंदीची खूण दिली तर इंग्रजी अंकांत येतो. हा फरक यंत्राने ठरवलेला नाही. भाषांची माहिती गोळा करणाऱ्या एका खुल्या प्रकल्पात माणसांनी तो नोंदवून ठेवलाय. पानावर मराठीची खूण लावली आणि फॉन्टमध्ये तशी सोय असली तर ल आणि श आपल्या मराठी वळणाचे दिसतात, नाहीतर हिंदी वळणाचे. कितीतरी अ‍ॅपांत ती खूणच लावलेली नसते. याद्या लावताना ळ आणि क्ष भलत्याच जागी जातात, शोधताना 'दऱ्या' सापडत नाही. हे परदेशातल्या मेंटेनरला कधीच दिसणार नाही आणि त्याला ते सांगणारं दुसरं कुणी नाही. असं काही दिसलं की स्क्रीनशॉट काढा, काय दिसायला हवं होतं ते शेजारी लिहा, देवनागरी न येणाऱ्याला समजेल अशा दोन ओळींत कारण द्या आणि इश्यू उघडा. टेस्ट लिहिताना अडलात तर मला विचारा, 'श्रीवर्धन'च्या माझ्या जुन्या टेस्ट मी पाठवीन.